धुपाचे तीन झोके

विरार म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? लोकल, धक्काबुक्की आणि भांडणं! मलाही तेवढंच ठाऊक होतं. त्याच शुक्रवारी चौथ्या सीटवरून मी एका बाईंना जे काही बोलले, ते इथे छापता येणार नाही.

रविवारी मात्र मैत्रिणीने गावी बोलावलं. विरार पश्चिमेला रिक्षा पकडली आणि थोड्याच वेळात सीनच बदलला. केळीच्या वाड्या, विहिरी आणि नंदाखालचं पवित्र आत्मा चर्च. पेंटेकॉस्टचा दिवस, म्हणजे चर्चचा सणच.

आणि मिस्सा चक्क मराठीत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली, ही तिची कृपा. बाकांवर लाल लुगड्यातल्या आज्या, शेजारी जीन्समधल्या नाती.

फादरांनी वेदीला धूप दाखवला. ठीक, आपल्याकडेही देवाला दाखवतातच. मग धूपदाणी फादरांपुढे झुलली. आणि मग ती धरणारा मुलगा वळला, थेट आमच्याकडे! सगळे उभे राहिले. तीन झोके. त्याने मान लववली, आम्हीही.

'आपल्याला कशाला?' मी कुजबुजले.

'बाप्तिस्मा झालेला माणूसही पवित्र, म्हणून.'

'पण माझा कुठे झालाय?'

'मग काय झालं? देवाने माणूस आपल्या प्रतिमेत घडवला, असं मानतो आम्ही. त्यात सगळेच आले.'

पलीकडून तिची आजी हसली. 'धूर काय विचारून येतो का गं बाय?'

थोड्या वेळाने सगळे एकमेकांकडे वळले. ओळख असो-नसो, शेजाऱ्याला हात जोडून शांती द्यायची. त्यानंतरच कम्युनियन. क्रम बघा: आधी शेजारचा माणूस, मग देवाचा प्रसाद. मी बाकावरच बसून राहिले. डोळ्यांसमोर शुक्रवारच्या त्या बाई. तिथे असत्या, तर मी त्यांच्याकडे वळले असते?

संध्याकाळी परतताना विरारलाच खिडकी मिळाली. वसईला भाजीची टोपली घेऊन एक मावशी चढल्या. 'जरा सरकता का?' आम्ही तिघी ऐसपैस बसलेलो. एरवी मी हेडफोन लावून बाहेर बघितलं असतं. त्या दिवशी सरकले. शेजारचीलाही सरकवलं. मावशी टेकल्या, टोपली पायाशी ओढली आणि डोळे मिटले.

फार काही नाही, चार बोटं जागा. पण कपड्यांना अजून धुपाचा वास येत होता.

सोमवारी पुन्हा तीच लोकल, तीच चौथी सीट. त्या बाई दिसल्या तर सॉरी म्हणायचं ठरवलंय. रोज दारापाशी बघते.