चार लाख, नव्वद किलोमीटर आणि एक ब्रेक पेडल

सेकंड हँड गाडी घ्यायची म्हटलं की आपल्या ओळखीतला प्रत्येक माणूस एक्स्पर्ट होतो. ऑफिसचा वॉचमन, मावशीचे मिस्टर, चहा आणून देणारा पोरगा... सगळ्यांच्या नजरेत एक ‘मस्त गाडी’ असते आणि ती हमखास ‘डॉक्टरने वापरलेली’ असते. २०२५ च्या दिवाळीनंतर मी सोलापुरात अशा नऊ गाड्या बघितल्या. त्यातल्या चार डॉक्टरांच्या होत्या म्हणे. डॉक्टर मात्र एकही भेटला नाही.

माझी गरज साधी होती. मी राहते जुळे सोलापुरात आणि नोकरी तुळजापूरला, एका बँकेच्या शाखेत. जायला ४५, यायला ४५. महिन्याचे २४ दिवस धरले तर २,१६० किलोमीटर, म्हणजे वर्षाला जवळजवळ २६ हजार! घरची गाडी रविवारी सिद्धेश्वराला आणि लग्नाकार्याला काढणाऱ्यांचे सल्ले इथे उपयोगाचे नसतात, हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

पैशांच्या हिशेबात एसटीला तोड नाही, हे आधीच कबूल करते. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना निम्मं तिकीट आहे. सकाळची गाडी तर मला आवडायचीच, खिडकीशी बसून राहिलेली झोप पुरी व्हायची. प्रश्न संध्याकाळचा होता. महिनाअखेर, ऑडिट, मार्च एंडिंग, एकेकदा शाखेतून बाहेर पडायलाच आठ वाजतात. घरी आई एकटी. तिचं इन्सुलिन रात्रीच्या जेवणाआधी असतं, आणि ‘तू आल्याशिवाय मी ताटावर बसत नाही’ हा तिचा बाणा. मी नऊला पोचले की इंजेक्शन नऊला, मी दहाला पोचले की दहाला. तपासणीत साखरेचे आकडे बघून तिच्या डॉक्टरांनी तिला नाही, मला झापलं. तुळजापूरला खोली घे, पुण्याला बदली माग, असे पर्याय निघाले. आई म्हणाली, ‘तू जा, मी राहते.’ तिचं हे वाक्य ज्यांच्या घरात बोललं जातं त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

म्हणून गाडी. बजेट चार लाख, अडीच साठवलेले आणि दीड कर्जाचे. जास्त कर्ज काढायचं नाही हे पक्कं होतं, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्या गाडीपेक्षा चढं असतं आणि त्या फायली मी स्वतःच रोज हाताळते.

मामांचं मत डिझेलच्या बाजूचं. त्यांनी २०१३ ची एक सेडान शोधून काढली, किंमत पावणेतीन लाख. ‘ॲव्हरेज बघ, रुबाब बघ!’ रुबाब होता, नाही कशाला म्हणू? पण खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. २०२८ ला परत आरटीओची तपासणी, ग्रीन टॅक्स, आणि तोवर मी तिच्यावर आणखी साठ-सत्तर हजार किलोमीटर चढवलेले असणार. त्यातून मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, इतर कंपन्यांनीही छोट्या गाड्यांतली डिझेल इंजिनं आवरती घेतली. मला गाडी मिरवायची नव्हती, झिजवायची होती.

खरा पेच पडला तो सहकाऱ्याने सुचवलेल्या वॅगन आर सीएनजीमुळे. २०१९ चं मॉडेल, कंपनीने बसवलेलं किट, किंमत बजेटात. मी कागदावर मांडलं. सीएनजी किलोला नव्वद रुपये आणि किलोमागे २६ किलोमीटर धरले तर एका किलोमीटरला साडेतीन रुपये. पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरमागे १८ धरले तर पावणेसहा-सहा. महिन्याला पाच हजारांचा फरक! वर्षाचे साठ हजार. बँकेत काम करणाऱ्या बाईला हा आकडा झोपू देत नाही.

पण मग मी रात्रीचा रस्ता आठवला. सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) हा महामार्ग जानेवारी २०१९ मध्ये रुंद होऊन खुला झाला, रस्ता झक्कास आहे. मात्र दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की याच जिल्ह्यात उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकवर पाय पडलेला असावा लागतो आणि चाकं लॉक न होता गाडी वळवता यावी लागते. म्हणून एबीएस नसलेली गाडी मी यादीतून काढूनच टाकली. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. ऐंशीच्या पुढे गेलं की टुंगटुंग करणारी ती घंटाही त्याच नियमातली, शिव्या देऊ नका तिला!

एवढ्यावर वॅगन आर पास होत होती. पण ग्लोबल एनकॅपच्या २०१९ च्या क्रॅश टेस्टमध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोन तारे होते, तर टाटाच्या टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार. टियागोला कंपनीची सीएनजी आली २०२२ मध्ये आणि तिच्या किमती माझ्या बजेटच्या वर. म्हणजे प्रश्न असा उरला, की दोन ताऱ्यांसाठी महिन्याला पाच हजार मोजायचे का? वर्षातून चार हजार किलोमीटर गावात फिरणाऱ्याने खुशाल सीएनजी घ्यावी, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण घरी एकटी आई आणि समोर अंधारात ट्रॉली, म्हटल्यावर मी टियागो शोधायला लागले. पाच हजार कुठून काढायचे ते नंतर बघू म्हटलं.

आता शोधाशोध. आमच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा सोबत यायला तयार झाले, एका अटीवर. ‘बेटा, मेरे सामने किसीकू हाँ नहीं बोलना.’ चाचांची तपासणी इंजिनपासून सुरू होत नाही, पायाशी सुरू होते. एका डीलरकडे मीटर ४८ हजार दाखवत होतं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर एका कोपऱ्यात पार गुळगुळीत झालेलं. चाचांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला त्यांनीच शिकवलं. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायर तेवढेच नवे, म्हणजे हा निदान दुसरा सेट. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत हीच गाडी दोन वर्षांपूर्वी ९१ हजारांवर होती. डीलर म्हणाला, ‘मॅडम, मीटर बदललं असेल.’ असेल की!

दुसरी एक गाडी बाजारभावापेक्षा सत्तर हजारांनी स्वस्त होती. चाचांनी मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर खेचला. शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या चिखलाची रेघ. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या महापुराने आपल्या जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कार्पेट बदलता येतं, परफ्यूम मारता येतो, बेल्टचं शेवटचं टोक धुवायचं कुणाला सुचत नाही. पाण्यात बसलेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल ते सांगता येत नाही, आणि रोज हायवेवर जाणाऱ्याला ते परवडत नाही.

केए नंबरच्या गाड्यांचा मोहही आवरला. विजयपूर शंभर किलोमीटरवर, तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणा, महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरा, तिकडच्या टॅक्सच्या परताव्यामागे फिरा. तो स्वस्तपणा कागदांतच विरघळतो.

शेवटी गाडी मिळाली ती डीलरकडे नाही. एक निवृत्त प्राध्यापक मुलाकडे बंगळुरूला चालले होते. २०२० ची टियागो, पेट्रोल, पहिलेच मालक, ५२ हजार किलोमीटर. एवढी चाललेली का घेतेस, असं तिघांनी विचारलं. माझं म्हणणं असं, की मी वर्षात २६ हजार टाकणार, मग आधीचे दहा हजार कमी की जास्त याला जादा पैसे का मोजू? मला हवी होती ती सरांची फाइल. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनुसार पंच करून लावलेलं, मधे विम्याच्या पॉलिसी, शेवटी बॅटरीचं वॉरंटी कार्ड. चाचा फाइल चाळत हळूच म्हणाले, ‘गाडी मत देख, मालक कू देख.’

टेस्ट ड्राइव्ह मी भर दुपारी मागितली, एसी लावून, चार माणसं बसवून, थेट तुळजापूरच्या घाटापर्यंत. नोव्हेंबरच्या सकाळी कुठलाही एसी गारच वाटतो, आणि मला गाडी काढायची होती सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना. घाट तसा लहानच, पण चौघं आणि एसी घेऊन गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढली. सर मागे बसले होते. त्यांनी मलाच तीन प्रश्न विचारले. रोज किती चालणार, कोण चालवणार, रात्री कुठे उभी राहणार? मुलगी बघायला आल्यासारखे! सौदा ३ लाख ९० हजारांना ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता, त्यामुळे जुन्यांचे भावही जरा नरमले होते. हे मी आठवण करून दिलं तेव्हा सर हसले आणि दहा हजार सोडले.

कागदांचं थोडक्यात सांगते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चॅसी नंबर प्रत्यक्ष गाडीवर जुळवून घेणे, थकलेली ई-चलानं आधी भरून घेणे, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवल्याचा कागद. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच. फास्टॅगही नवा, नाहीतर तामलवाडीच्या नाक्यावर टोल सरांच्या खात्यातून कटत राहिला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला वार्षिक पास मी घेतला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. नाव वार्षिक, पण माझा चार महिन्यांतच संपला!

आणि ते पाच हजार? शाखेतले दोघं आणि शेजारच्या ऑफिसमधली एक मैत्रीण असे तिघं माझ्याबरोबर येतात. महिन्याचं पेट्रोल साडेबारा हजारांच्या घरात जातं, चौघांत वाटलं की प्रत्येकी सव्वातीन. नियम दोनच. सकाळी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही आणि गाडीत शाखेविषयी बोलायचं नाही. दुसरा नियम कुणी पाळत नाही. ॲव्हरेज मात्र मी धरलं होतं त्यापेक्षा थोडं कमीच पडतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि २०२० च्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत. ज्या उसाच्या ट्रॉल्यांना मी रात्री घाबरते, तोच ऊस सकाळी माझ्या टाकीत. घ्या!

पहिल्या चार महिन्यांत साडेआठ हजार किलोमीटर झाले. खर्च म्हणाल तर एक सर्व्हिस, वायपरची जोडी आणि एक पंक्चर. आईचं इंजेक्शन आता साडेआठला होतं. मार्चमध्ये दोनदा उशीर झाला, तेव्हा तिने घड्याळ बघून स्वतःच घेतलं आणि जेवून घेतलं. ‘गाडी आहे ना तुझ्याकडे, येशील,’ असं फोनवर म्हणाली. पुढचा मोठा खर्च टायरचा. सरांनी बदललेले आहेत त्यांच्या कडेवर ‘१८२२’ लिहिलंय, आणि चाचांनी त्यासाठी आतापासून महिन्याला हजार बाजूला काढायला सांगितलंय.