अटकेनंतरचा भाग

आमच्या पिढीला तपास, पंचनामा, मुद्देमाल हे शब्द पहिल्यांदा ऐकू आले ते दूरदर्शनवरून. त्या शब्दांचं वजन मात्र घरातल्या माणसांनी दाखवलं. पिढी म्हणजे दोन घरांत मिळून वाढलेली आम्ही चुलत, आते, मामे भावंडं. एक घर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या फाट्यावरची वस्ती. दुसरं आमचं आजोळ, बारामतीत, भिगवण चौकापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मधे एसटीचा रस्ता: भवानीनगर, सणसर, जंक्शन, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी. सुट्टीत आम्ही या रस्त्यावरून सतत इकडून तिकडे जात असू आणि पाहिलेल्या मालिकाही आमच्याबरोबर प्रवास करत.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. आमच्या वस्तीपर्यंत त्या लहरी पोचायच्या त्या थकूनच. उंच पाइपावर अँटेना, खाली बूस्टर, आणि तरीही पडद्यावर मुंग्या. कुणीतरी पाइप धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं खिडकीतून ओरडायचं, ‘‘आलं, आलं, सोडू नको!’’ वीज तर नेमकी संध्याकाळीच जायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावायचा. बारामतीला मामांकडे रंगीत टीव्ही होता, लाकडी शटरचा. तरीही पोलिसांची मालिका वस्तीवर बघण्यातच आम्हाला जास्त गोडी वाटे, कारण बाहेर खरा अंधार असायचा आणि उसात काहीतरी सळसळत असायचं.

ती मालिका म्हणजे ‘एक शून्य शून्य’. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर ती लागायची. बी. पी. सिंग यांनी दिग्दर्शित केलेली, मुंबई पोलिसांच्या दप्तरातल्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेली, आणि इन्स्पेक्टरच्या भूमिकेत शिवाजी साटम. बँकेत नोकरी करून नाटकं केलेला हा नट पडद्यावर वावरायचा तो एखाद्या खऱ्या ठाणेदारासारखा. आवाज चढवत नसे. चहा पिता पिता प्रश्न विचारायचा आणि समोरचा उत्तर देताना मधेच थांबला की नुसता त्याच्याकडे बघायचा. पुढे ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आली आणि रमेश भाटकरांनी घरातल्या सगळ्या आत्या-काकवांना जिंकलं. त्यांचा रुबाब मोठाच होता. पण तात्यांचं, म्हणजे आमच्या आजोबांचं, मत साटमांच्या बाजूचं. ‘‘हा माणूस ऐकतो,’’ एवढंच ते म्हणायचे.

शंभर नंबर फिरवायला वस्तीवर फोन नव्हता. आमच्याकडे काही घडलं तर आधी पोलीस पाटलाकडे जायचं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमलेला, गावातलाच माणूस. त्यामुळे मालिकेत फोन वाजल्याबरोबर जीप सुटते हे आम्ही श्वास रोखून बघायचो. मुंबई किती जवळ जवळ राहते असं वाटायचं.

मालिकेचा दुसरा प्रयोग सकाळी व्हायचा. कालव्याचं आवर्तन सुरू असलं की पाण्याची पाळी रात्रीची यायची आणि थोरल्या काकांना नाहीतर अण्णांना दारं धरायला जावं लागे. त्यांचा भाग हुकायचा. मग सकाळी न्याहारीला आत्यानं सगळी गोष्ट सांगायची. आत्या शाळा सोडून घरी बसलेली होती, पण सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती आधी मेलेल्या माणसाची खोली उभी करायची: दार कुठं, खिडकी कुठं, पंखा चालू होता का बंद. मग एकेक माणूस आत आणायची. आणि तात्या मधेच अडवायचे. ‘‘हे तू पाहिलंस का तुला वाटलं?’’ आत्या थबकायची, आठवायची आणि म्हणायची, ‘‘वाटलं.’’ ‘‘मग वाटलं म्हण.’’

आज मागे वळून बघताना मला वाटतं, आमच्या घराला मिळालेलं सर्वांत मोठं शिक्षण या एका प्रश्नात होतं.

तात्यांच्या पिढीनं गुन्हे वाचले होते वर्तमानपत्रांत. सत्तरच्या दशकात मराठवाड्यातल्या मानवतच्या खुनांनी अख्खा महाराष्ट्र हादरला. मुंबईहून तपासाला आलेल्या रमाकांत कुलकर्णींचं नाव तात्या घरच्या माणसासारखं घेत. त्यानंतर पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण, १९७६-७७ मधले दहा खून. पुण्याला शिकायला ठेवलेल्या थोरल्या काकांना त्या काळात संध्याकाळी खोलीबाहेर न पडण्याची ताकीद पत्रानं गेली होती. त्या खटल्यातल्या चौघांना फाशी झाली ती १९८३ मध्ये. इतकी वर्षं लागली याबद्दल कुणी कुरकुर केली की तात्या म्हणायचे, ‘‘चार माणसांचा जीव घ्यायचाय सरकारला. घाईनं घ्यायचा का?’’ लहानपणी मला हे उत्तर आवडलं नव्हतं. आम्हाला अर्ध्या तासात गुन्हेगार लागायचा.

आणि तो मिळायचाही. हातकडी पडली की भाग संपला. त्यानंतर काय होतं हे कुठलीच मालिका दाखवत नव्हती. ते आम्ही पाहिलं शेजारच्या विहिरीच्या निमित्तानं.

आमच्या भागात त्या काळी मोटारचोरी म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची चोरी. चोरांना हवं असायचं आतलं तांबं. एका उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरची मोटार गेली. केबल कापलेली, स्टार्टरची पेटी उघडी, फ्लँजचे बोल्ट नीट काढून बाजूला ठेवलेले. म्हणजे काम माहीतगाराचं. तीनचार दिवसांनी पोलिसांनी एकाला धरलं आणि त्यानं मोटार लपवलेली जागा दाखवतो म्हटल्यावर पंच म्हणून तात्यांना आणि गावातल्या आणखी एकाला बोलावलं. आम्ही पोरं बांधाबांधानं लांबून मागे गेलो. आरोपी पुढे, मागे हवालदार, मागे तात्या. ओढ्याच्या कडेला पाचटाचा ढीग होता. त्यानं तो हातानं उपसला आणि मोटार निघाली. तिला लेबल लावलं, त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. जमादार पंचनामा लिहून झाल्यावर म्हणाला, ‘‘करा सही, तात्या.’’ तात्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ऊन टळटळीत होतं. सगळे थांबले.

मोटार धन्याला सुपुर्तनाम्यावर परत मिळाली. विकायची नाही, बदलायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. पुढच्या वर्षी ती जळाली. शेजारी रिवाइंडिंगला निघाले तर तात्यांनी त्यांना अडवलं. ‘‘ती कोर्टाची वस्तू आहे. परवानगी काढा.’’ परवानगी मिळेपर्यंत आमच्या विहिरीचं पाणी त्यांच्या उसाला गेलं. घरात यावरून बोलणं झालं. अण्णांचा ऊस वाळत होता आणि आजीलाही पटलेलं नव्हतं. तात्या तेवढ्यापुरते गप्प राहिले, पण पाणी बंद केलं नाही.

समन्स आलं तेव्हा मालिका बंदही झाली होती. तात्या स्वच्छ धोतर, टोपी घालून गेले. मी आणि थोरली चुलत बहीण, ताई, बरोबर होतो. पडद्यावरच्या कोर्टासारखं तिथं काही नव्हतं. हातोडा नाही, गर्दी नाही, कुणी ओरडत नाही. पुकारा झाला, तात्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्यांनी सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. पंचनामा कुणाच्या अक्षरात होता? किती वाजता सुरू झाला? ओढा तुमच्या कुठल्या हाताला होता? तुम्ही पोलिसांना आधीपासून ओळखता ना? तात्या प्रत्येक प्रश्नानंतर क्षणभर थांबत. एका प्रश्नाला म्हणाले, ‘‘ते मला आठवत नाही.’’ माझ्या पोटात खड्डा पडला. मला वाटलं, झालं, हरलो. बाहेर आल्यावर ताईनंही तेच विचारलं. तात्या म्हणाले, ‘‘आठवत नव्हतं ते आठवतंय म्हणायचं होतं का?’’

दुसरा पंच फितूर झाला. सही माझी आहे, पण मला काही दाखवलं नाही, असं सांगून मोकळा झाला. आरोपी सुटला. तो पुढे आठवडे बाजारात भेटायचा, तात्यांना रामराम करायचा आणि तात्या रामराम घ्यायचे. फितूर झालेल्या माणसाशीही त्यांनी बोलणं तोडलं नाही. ‘‘त्याच्या घरी येऊन कोण काय बोलून गेलं असंल, आपल्याला काय ठाऊक,’’ असं म्हणायचे. आम्हाला राग आला होता. ताईच्या मनात मात्र दुसरंच काही सुरू झालं. ती पुढे बारामतीतच वकिली शिकली आणि आज तिथल्या कोर्टात उभी राहते.

तोवर केबल आली होती. २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. दिग्दर्शक पुन्हा बी. पी. सिंग, आणि एसीपी प्रद्युम्न म्हणून पुन्हा शिवाजी साटम. घरातल्या बायकांना तर परगावी गेलेला मुलगा मोठा हुद्देदार होऊन परत आल्याचा आनंद झाला. आम्ही नोकऱ्यांना लागलो होतो, कुणी पुण्यात, कुणी वालचंदनगरला. पण सुट्टीत एकत्र जमलो की ‘सीआयडी’ लागायचीच. २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित झाला आणि विक्रमांच्या नोंदीत गेला. कॅमेरा कुठेच तुटत नाही हे अण्णांनी सगळ्यांना दोनदा समजावलं. फ्रेडरिक्स साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले त्या दिवशी घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी नुसते हात जोडले.

ताई मात्र त्या मालिकेचा शेवट आला की अस्वस्थ व्हायची. शेवटी आरोपी पोलिसांसमोर सगळं कबूल करतो. ‘‘या कबुलीचा कोर्टात काही उपयोग नाही,’’ ती सांगायची. पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातही ही काळजी होती, कारण मारून कबुली काढता येते हे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग सत्ताविसाव्या कलमाखाली पुराव्यात येतो. म्हणजे पाचटाखालची मोटार. म्हणजे तात्या. तिनं हे एकदा जेवताना सांगितलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की त्या दुपारी सगळा खटला तात्यांच्या चष्म्यावर उभा होता.

आमचा एक मामेभाऊ न्यू जर्सीला गेला. त्यानं तिकडून ‘लॉ अँड ऑर्डर’बद्दल कळवलं. एनबीसीवर १९९० मध्ये सुरू झालेली मालिका; पहिल्या अर्ध्यात पोलीस शोध घेतात, दुसऱ्या अर्ध्यात सरकारी वकील खटला चालवतात. वीस पर्वं चालून २०१० साली थांबली आणि २०२२ मध्ये परत सुरू झाली. ‘‘ताई, यात पुराव्यात खोट निघाली की आरोपी सुटतो,’’ असं त्यानं फोनवर सांगितल्यावर ताईला फार समाधान वाटलं. आपल्याकडे ‘अदालत’ आली ती २०१० मध्ये, पण तिचा नायक बचावाचा वकील. साक्षीदाराच्या जेवणाचा डबा कोर्टाच्या आवारातच उघडतो, पाचवी तारीख पडल्यावर त्याच्या घरात काय बोलणं होतं, हे दाखवणारी मराठी मालिका अजून कुणी काढावी असं मला मनापासून वाटतं. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक वस्तीवर तिचे लेखक सापडतील.

आता पोलिसांचा नंबर ११२ झाला आहे. १ जुलै २०२४ पासून कायदेही नवे आहेत. पंचवीस आणि सत्तावीस ही दोन्ही कलमं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात आली, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ‘सीआयडी’ परत आली. तात्या आणि आत्या दोघंही आता नाहीत. पुतण्या मोबाइलवर बघतो.

मध्यंतरी रानातली केबल चोरीला गेली आणि पंच म्हणून या पुतण्यालाच बोलावणं आलं. त्यानं ताईला फोन केला. ‘‘आता व्हिडिओ काढतात म्हणे. मग मी कशाला लागतो?’’

‘‘व्हिडिओत वास येतो का? मागे कोण उभं होतं ते दिसतं का?’’ ताई म्हणाली. ‘‘उद्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायला माणूसच लागतो. सगळं वाच. वेळ बघ. ओढा कुठल्या हाताला आहे ते बघून ठेव.’’

त्यानं वाचलं. पंचनामा सुरू झाल्याची वेळ पाऊण तासानं चुकलेली होती. ती त्यानं दुरुस्त करून घेतली, दुरुस्तीजवळ आद्याक्षरं करायला लावली आणि मग सही केली.