यवतेश्वरचा घाट

रविवार, दुपार. साताऱ्याहून परततोय. खंबाटकीचा बोगदा मागे पडला, पनवेल अजून लांब आहे.

आमच्या खांदा कॉलनीतले रस्ते सपाट. सरावासाठी चढ हवा तर उड्डाणपूल गाठावा लागतो. म्हणूनच सातारा हिल हाफ मॅरेथॉनची ओढ होती. 2012पासून ही स्पर्धा भरते, अंतर 21.1 किलोमीटर. शहर सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. आधी चढायचं, मग त्याच वाटेनं उतरायचं. चढावर धाप लागते, पण खरा कस उतारावर लागतो. तिथे मांड्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जाऊन शरीराचा वेग आवरत असतात. आत्ताच सीटवरून उठताना ते जाणवतंय.

घाटाच्या अलीकडे एका दारात एक आजी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात साखरेची वाटी. येईल त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवत होत्या. "दमानं जा रे बाळा," म्हणाल्या. ना ओळख, ना पाळख; पण त्या शब्दांनी पायांत बळ आलं.

परक्या शहरात धावायला का जायचं, याचं उत्तर मला तिथे मिळालं. ते शहर त्या सकाळी आपल्याला घरचं मानतं.

तुमच्या गावात अशी स्पर्धा असेल, तर त्या दिवशी लवकर उठून रस्त्यावर या. धावता आलं नाही तरी टाळ्या जरूर वाजवा. धावणाऱ्याला त्यांची फार गरज असते.