आजीचे जाते

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील एक जुने गाव. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे. जनाबाई दळावयास बसल्या की साक्षात विठ्ठल त्यांच्या जात्याच्या खुंट्याला हात लावी, अशी श्रद्धा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या गावातील एका जुन्या वाड्यात सत्तरी गाठलेली एक आजी एकटी राहत असे. मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली होती. मुलगा अभियंता होऊन स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो शहरी, स्थिरावला होता. त्याला तेथे जाऊन बारा वर्षे लोटली होती.

एका उन्हाळ्यात मुलाने आईला आपल्याकडे बोलावून घेतले. परभणीचा पारा चाळिशी ओलांडून गेला होता. आजी रेल्वेने मुंबईस आली आणि तेथून विमानाने निघाली. एडिंबरोस उतरली तेव्हा जूनचा महिना असूनही तिला शाल घट्ट लपेटून घ्यावी लागली. तिला अधिक नवल वाटले ते तेथील दिवसाचे. रात्रीचे दहा वाजत आले तरी आकाशात उजेड रेंगाळत असे. देवापाशी सांजवात लावावयाची तरी केव्हा, असा प्रश्न तिला रोज पडे. शेवटी तिने गंगाखेडच्या वेळेचा आधार घेतला. मुलाच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळे होती. एक तेथील वेळ दाखवी आणि दुसरे साडेचार तास पुढे, भारताची. दुसऱ्या घड्याळात सात वाजले की आजी भर दुपारी दिवा लावून हात जोडी.

ते दुसरे घड्याळ पाहून तिच्या ध्यानी एक गोष्ट आली. मुलगा देहाने येथे होता; परंतु त्याच्या दिवसाचा एक कोपरा अजून गावाकडेच होता. सकाळी तो बसने कामावर जाई, सायंकाळी परतल्यावर मुलीचा अभ्यास घेई, रविवारी न चुकता गावी दूरध्वनी करी. भारतीय दुकानातून तो ज्वारीचे पीठ आणी. पण ते फार दिवसांचे असल्यामुळे त्याची विरी गेलेली असे आणि भाकरी थापता थापता चिरे. आजीने आधणाच्या पाण्यात पीठ मळून भाकरी केली. पहिला घास घेताच मुलाचे बोलणे थांबले. सुनेने हळूच दुसरी भाकरी त्याच्या ताटात वाढली.

नात आठ वर्षांची होती. तिला मराठी कळे, परंतु उत्तर ती इंग्रजीत देई. आजीने काही विचारले की ती लाजून आईमागे लपे. एका घरात, एका ताटापाशी बसूनही दोघींमध्ये जणू एक नदी वाहत होती आणि तिच्यावर पूल नव्हता.

मुलाच्या मनात एक बेत होता. गावचा वाडा विकून टाकावा, आईने पुण्यास बहिणीजवळ राहावे आणि दर उन्हाळ्यात येथे यावे, असे त्याला वाटे. वाड्याच्या भिंतींना ओल येत होती. रात्री-अपरात्री आईला काही झाले तर धावून कोण येणार, या चिंतेने त्याची झोप उडे. त्याचा विचार चुकीचा नव्हता. आजीला तो कळला होता; तथापि दोघेही तो विषय काढावयास धजत नव्हती.

एका रविवारी सर्वजण चेंबर्स रस्त्यावरील राष्ट्रीय संग्रहालय पाहावयास गेले. तेथे प्रवेशास मूल्य पडत नाही. नातीने आजीचा हात धरून तिला थेट डॉली मेंढीपुढे नेले. १९९६ साली एडिंबरोजवळच्या रोझलिन येथे, एका प्रौढ मेंढीच्या पेशीपासून शास्त्रज्ञांनी डॉली जन्मास आणली होती. २००३ साली ती मरण पावल्यावर तिचे शरीर पेंढा भरून येथे जतन करण्यात आले. मुलाने हे सारे समजावून सांगितले. आजीने मेंढीकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, “आपल्याकडच्या धनगरांनी हिची लोकर केव्हाच कातरली असती!” नात प्रथमच मोकळेपणी हसली.

मग ती मंडळी सर्वांत खालच्या मजल्यावरील प्राचीन काळाच्या दालनात आली. दगडी हत्यारे, मातीची भांडी पाहता पाहता आजी एकाएकी थबकली. समोर जाते होते. दोन वाटोळे दगड, वरच्याला मध्ये भोक आणि कडेला खुंट्याची जागा.

“अगं बाई, हे तर आपलं जातं! हे इथं कुणी आणलं?” ती उद्गारली.

ते कोणी आणले नव्हते. ते स्कॉटलंडचेच होते. मुलाने तिला सांगितले की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही या देशातील बायका अशाच जात्यावर धान्य दळीत. १७७२ साली टॉमस पेनंट नावाच्या प्रवाशाने पश्चिमेकडील बेटांचा प्रवास केला. स्काय बेटावर समोरासमोर बसून दळणाऱ्या स्त्रियांचे चित्र त्याच्या प्रवासवर्णनात छापले आहे, आणि काम करताना त्या गात असत, असेही त्याने नमूद केले आहे.

“गात असतच,” आजी म्हणाली. “गाण्याशिवाय दळण सरतं का?”

नातीने तिचा पदर ओढला आणि मराठीत विचारले, “आजी, कसं दळतात?”

आजी तेथल्या बाकावर बसली. उजव्या हाताने तिने नसलेला खुंटा धरला, डाव्या हाताने नसलेली वैरण घातली आणि अगदी हलक्या आवाजात ओवी धरली. नात तिच्यासमोर बसली आणि तिनेही त्या अदृश्य खुंट्याला हात लावला. येणारे-जाणारे क्षणभर थांबत आणि पुढे जात. मुलगा खांबाला टेकून उभा होता. पहाटेच्या अंधारात, पांघरुणात पडल्या पडल्या ऐकलेली जात्याची घरघर त्याला आठवत होती.

त्या रात्री त्याने दूरध्वनीवर नातीला एक खजिना उघडून दाखविला. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी हेमा राइरकर यांच्यासमवेत महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येक आज कोणालाही ऐकता येतात. परभणी जिल्ह्यातील ताडकळस गावच्या एका स्त्रीचा आवाज खोलीत घुमू लागला. आजी डोळे मिटून ऐकत राहिली. एक परका मनुष्य आपला देश सोडून आला आणि ज्या ओव्यांकडे शिकल्यासवरल्यांचे लक्ष नव्हते, त्या त्याने जपून ठेवल्या, याचे तिला मोठे अप्रूप वाटले.

थोड्या वेळाने ती मुलास म्हणाली, “लेकरा, तिथल्या जात्याला धूळ नाही, ऊन नाही, पाऊस नाही. सगळं कसं नीट आहे. पण त्याला वैरण घालणारं कुणी नाही. मला अजून दोन-चार वर्षं माझ्या जात्याजवळ राहू दे. हातपाय थकले की तू म्हणशील तिथं राहीन.”

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. त्याची चिंता काही नाहीशी झाली नव्हती. शेवटी तो म्हणाला, “बरं, आई. पावसाळा सरला की भिंती दुरुस्त करून घेऊ. आणि शेजारच्या काकूंना रोज एकदा डोकावून जायला सांगतो.”

निघताना विमानतळावर नात आजीला बिलगून रडली. आजीच्याही डोळ्यांतून पाणी आले. वाड्यात राहण्याचे मोल कोणते, ते त्या क्षणी तिला पुरेपूर कळले.

गंगाखेडला परतल्यावर तिने अंगणात कित्येक वर्षे पालथा पडलेला जात्याचा दगड उचलवून आणला. पाथरवटाला बोलावून त्याला टाकी लावून घेतली, नवा खुंटा ठोकला. रविवारी मुलाचा दूरध्वनी आला तेव्हा ती पसाभर ज्वारी दळीत होती. पलीकडे घरघर ऐकू गेली.

“आजी,” नात म्हणाली, “सगळं दळू नको. मी येणार आहे. माझ्यासाठी थोडं ठेव.”

आजीने हात थांबविला. सुपातली मूठभर ज्वारी तिने एका डब्यात भरली आणि तो डबा जात्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.