उभं धरलेलं बाळ

बाळानं दूध उलटलं की घरातल्या साऱ्या नजरा बाळावरून निघतात आणि त्याच्या आईच्या ताटावर येऊन थांबतात. काल काय खाल्लंस? फणसाची भाजी? मग बरोबर. डाळिंब्यांची उसळ? अगं, वातूळ ती. बाळंतिणीनं दही खाल्लं? आमची लेक पहिल्या बाळंतपणाला चिपळूणला आली ती मृगाच्या तोंडावर, आणि श्रावण लागेस्तोवर तिच्या ताटात मऊ भात, मेतकूट, तूप आणि दुधीची भाजी एवढंच उरलं. येणारी प्रत्येक पाहुणी काहीतरी बोलून जायची आणि एकेक पदार्थ ताटातून कमी व्हायचा. मी वाढायची, ती हातानं बाजूला सारायची. बाळ मात्र पूर्वीइतकंच दूध काढत होतं.

दूध काढण्याच्याही किती तऱ्हा. पाजून खाली ठेवावं तर ओठांच्या कोपऱ्यातून कोमट धार हनुवटीखाली उतरायची, आणि बाळ त्या ओल्या झबल्यात मजेत हातपाय झाडत राहायचं. त्याचं काही वाटत नसे. तासाभरानं दह्यासारख्या कवड्या पडत, त्यांचा आंबूस वास पाळण्याला, पडद्याला, आमच्या पदरांना लागून राही. सर्वात अवघड होतं ते न दिसणारं. झोपेत घशाशी काहीतरी यायचं, बाळ घटकन गिळायचं, चेहरा आक्रसायचा, पाठ ताठ होऊन मान मागे जायची आणि मग ते रडू यायचं. आई छातीशी घ्यायची. चार घोट, की तोंड सुटलंच. किंचाळायचं, पुन्हा तोंड फिरवून छाती शोधायचं, पुन्हा सोडायचं. ज्याची भूक लागली आहे तेच जाळतं आहे, हे त्या एवढ्याशा जिवानं कुणाला सांगायचं? आणि आपल्यापाशी येऊन लेकरू तोंड वळवतं, हे आईनं मनाला कसं समजवायचं? रात्री माझ्या लेकीच्या तोंडून एक वाक्य निघालं, "आई, माझं दूधच त्याला सोसत नाही." ते मी ऐकलं आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या ताटावर बोट ठेवलं होतं त्या सगळ्यांचा मला राग आला. अजून आहे.

आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाला तपासलं, वजनाच्या काट्यावर ठेवलं आणि मग निवांत बसून मला आणि लेकीला सगळं उलगडून सांगितलं. तान्ह्या बाळाची अन्ननलिका जेमतेम दहा सेंटिमीटरची. तिच्या तळाशी, जठराच्या तोंडावर, स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना ते उघडतं, एरवी मिटतं. बाळाचं ते कडं अजून पुरतं तयार नसतं, मध्येच नको तेव्हा सैल पडतं. त्यात जठर लहान, सगळा आहार पातळ, आणि बाळ दिवसरात्र आडवं. किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध बाळ पितं. त्याच हिशेबानं साठ किलोच्या माणसाला दिवसाला नऊ लिटर प्यावं लागेल, तेही बहुतेक वेळ पडून! हे ऐकलं आणि आमचं बाळ एवढं तरी पोटात ठेवतं याचंच मला कौतुक वाटलं. तीन महिन्यांच्या आतली जवळजवळ निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वात वाढतं, आणि बाळ बसायला, उभं राहायला लागतं तसं ओसरतं. वर्षाचं होईतो बहुतेकांचं थांबलेलं असतं.

मी औषध विचारलं. आम्ल कमी करणारी औषधं आहेत, पण ती दूध वर येणं थांबवत नाहीत, आणि अशा बाळांचं रडणंही त्यांनी कमी होताना दिसलेलं नाही. शिवाय पोटातलं आम्ल जंतूंपासून राखण करतं, ते उगाच का घालवायचं? ज्या बाळाला खरा आजार आहे त्याची गोष्ट वेगळी. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त असेल, दूध जोरानं लांब उडत असेल, लघवी कमी झाली असेल, श्वासाला त्रास असेल, वजन वाढत नसेल, तर एक रात्रही घरी थांबू नका, असं त्यांनी बजावलं. काही मोजक्या बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही. शौचात रक्त, अंगावर पुरळ अशा खुणा दिसल्या तर डॉक्टर आईला काही आठवडे दूधदुभतं सोडायला सांगतात. तेही तपासून, शेजारणीच्या अंदाजानं नव्हे. आमच्या बाळाचं वजन दिवसाला वीस-तीस ग्रॅमनं वाढत होतं. "आजी, हा काटा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "बाळाला पाजून झालं की वीस-तीस मिनिटं उभं धरा. आणि हिला पोटभर जेवू घाला."

त्या दिवशी मी डाळिंब्या भिजत घातल्या.

माझ्या माहेरी बाळंतिणीच्या खोलीला एक वास असायचा. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, आणि शेगडीवर टाकलेल्या ओव्याची धुरी. तो वास मला आजही हवाहवासा वाटतो. म्हणून तो बाळाला द्यावा असं मात्र नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पोटात काही नको आणि इवल्या छातीत धूर नको, हे मला पटतं. जायफळानं बाळ निजतं ते गुंगीनं, आराम पडून नव्हे. ग्राइप वॉटरची कुळकथाही ऐकण्याजोगी आहे. १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं. शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क! मद्य पुढे वगळलं गेलं. शेपू आम्ही बाळंतिणीच्या ताटात वाढतो, तिथे ती शोभते.

राईची उशी मी कपाटात ठेवून दिली. बाळाला सपाट जागी, उताणं निजवायचं. दूध काढणारं बाळ उताणं निजवलं तर दूध श्वासनलिकेत जाईल, ही भीती मलाही होती. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, वर आलेल्या दुधाला तिच्यात शिरायला चढ चढावा लागतो. ते तसंच खाली परततं. एवढं चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की झोप लागते.

झोपेचं म्हणायचं तर रात्री दोनचं पाजणं झालं की बाळ माझ्याकडे. लेकीनं दूध पाजावं आणि लगेच आडवं व्हावं, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं. मी त्याला खांद्याशी घेऊन पडवीत बसायची. बाहेर कोकणातला पाऊस, पागोळ्यांची न तुटणारी माळ, लांबून वाशिष्ठीचा आवाज. माझ्या कानाशी बाळाचा श्वास. अर्धा तास इतकं जवळ कान ठेवला की त्या श्वासातलं बरंच कळू लागतं. दूध खाली उतरतं आहे ती घरघर, वर येऊन फिरलं तो घोट, आणि मधेच सुटलेला दणदणीत ढेकर. काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा एक भागच आहे. बोलता न येणाऱ्या बाळाला कुठे दुखतं ते त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून कसं ओळखावं, याचा. नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीमुळे तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला. कुणीतरी, केव्हातरी, असंच एखादं लेकरू जवळ घेऊन तासन् तास नुसतं पाहत बसल्याशिवाय ते लिहिलं गेलं नसणार. बाळाला औषध सुचवणारी माणसं मला पुष्कळ भेटली. त्याला इतका वेळ निरखणारा कुणी हवा, आणि तो आईखेरीज दुसरा हवा. आईला नीज हवी.

दुपटी वाळणं हा आमच्या पावसातला वेगळाच धडा. माझ्या सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची केलेली, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली दुपटी दिवसाकाठी ढिगानं भिजायची. माजघरात दोऱ्या बांधल्या, पंखा लावला, तरी ओल हटेना. शेवटी निखाऱ्यांवर दुरडी पालथी घालून त्यावर पसरायची जुनी रीत काढली. आंबूस वास गेला, धुराचा किंचित आला, म्हणून वापरण्याआधी वाऱ्यावर धरायची.

लेक हळूहळू जेवू लागली. डाळिंब्या खाल्ल्या त्या रात्री ती बाळाच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. बाळानं रोजच्याइतकंच दूध काढलं, ना थेंब जास्त ना कमी. दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत मागून घेतलं. त्यानंतर एका बाईंनी "आंबट खातेस वाटतं" म्हणून विचारलं, तेव्हा लेकीनं शांतपणे बाळाला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, जरा उभं धरा हं, मी जेवून येते."

गणपतीत जावई आले. त्यांना आधी बाळाच्या मानेची भीती वाटे. मी खांद्यावर दुपटं टाकून दिलं, मानेमागे हात कसा ठेवायचा ते दाखवलं, पोटावर दाब येऊ द्यायचा नाही हे सांगितलं. पहिल्याच रात्री त्यांचा सदरा भिजला. तिसऱ्या रात्री ते मला उठवायला आले नाहीत, त्यांचं ते पडवीत येरझाऱ्या घालत होते आणि बाळाला ऑफिसातल्या गोष्टी सांगत होते.

गौरी-विसर्जनानंतर तिघं पुण्याला निघाली. चौथा महिना पुढेच होता, म्हणजे दूध काढणं अजून वाढायचं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. दुपट्यांचा मोठा गठ्ठा बांधून दिला. डाळिंब्या सोलून डब्यात भरल्या. रात्री दोनचं पाजणं झालं की बाळ त्याच्या बाबाकडे, असं ठरवूनच गाडी सुटली.