उंचवट्यावरचे पाणी

शीर्षकावरून हा भातशेतीवरचा लेख वाटेल. थोडा आहेही! पण विषय कर्करोगाचा आहे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये मुलीजवळ असते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, आता छातीच्या त्वचेवर पुन्हा गाठी आल्या आहेत. डॉक्टरांनी इलेक्ट्रोकेमोथेरपी सुचवली. फ्रान्समध्ये लुई मीर यांच्या गटाने १९९१ साली माणसांवरील पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, ती हीच पद्धत. भाचीने फोनवर समजावले, "मावशी, ब्लिओमायसिन शिरेतून देतात. एरवी ते पेशीत फारसे शिरत नाही. मग गाठीत सुया रोवून विजेचे ८ ठोके देतात, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका. पेशीच्या आवरणाला तेवढ्यापुरती छिद्रे पडतात आणि औषध आत जाते."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, विज्ञानाशी संबंध बेताचाच. विचारले, "मग अडचण कुठे?"

"गाठ वेडीवाकडी असते ना! चरबीतून वीज कमी वाहते, गाठीतून जास्त. म्हणून विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखे पडत नाही. ठरावीक तीव्रतेच्या खाली छिद्रेच पडत नाहीत."

हे ऐकले आणि आमच्या मावळातली खाचरे आठवली. वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ इथे घरोघरी. पण वाण कितीही चांगले असो, खाचर उंचसखल असेल तर उंचवटा कोरडा राहतो आणि तण नेमके तिथेच माजते. बरे, उंचवट्यासाठी सगळीकडे पाणी वाढवावे तर खोलगटातली रोपे बुडतात. इथेही तसेच. व्होल्टेज नुसते वाढवले तर सुयांजवळची चांगली पेशीही मरते. म्हणून डॉक्टर सुयांची जागा बदलत, आधीच्या पट्ट्यावर थोडे चढवून ठोके देतात, गाठीच्या कडेबाहेरचीही थोडी जागा घेतात. सरासरीला इथे किंमत नाही. सर्वांत कमी क्षेत्र मिळालेला कोपराच निकाल ठरवतो.

हा उपाय त्या जागेपुरता, शरीरात इतरत्र असलेल्या रोगावर नाही. बहिणीला ते ठाऊक आहे. तरी तिने विचारलेच, "ताई, सगळं जाईल ना गं?"

खोटा धीर देववेना. तिला खाचराची गोष्ट सांगितली. लहानपणी दोघींनी आवणी केलेली, तिला लगेच समजले. म्हणाली, "म्हणजे कोरडं राहिलं तर पुन्हा पाणी सोडायचं."

हो, हा उपचार पुन्हा करता येतो. पुढच्या आठवड्यात तिची पहिली वेळ आहे.