जंजिऱ्याचा इतिहास कुठे सापडतो?

गेल्या वर्षी शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला जाऊन आली. नववीत शिकणारी माझी लेक संध्याकाळी घरी आली ती गप्प गप्पच. जेवताना म्हणाली, "अम्मी, होडीत एक मैत्रीण म्हणाली, हा तुमचा किल्ला ना? म्हणून शिवाजी महाराजांना मिळाला नाही. मी काय बोलायला हवं होतं?"

मैत्रिणीच्या मनात वाईट काही नसावे. तिने कुठेतरी ऐकले आणि बोलून टाकले. पण माझ्याकडेही उत्तर नव्हते. वीस वर्षे मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. माझे आजोळ म्हसळ्याचे, म्हणजे जुन्या जंजिरा संस्थानातलेच. तरीही या संस्थानाबद्दल मला चार ओळींपलीकडे माहिती नव्हती. ऐकीव बातमीची आधी खातरजमा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. मी लेकीला म्हटले, "आधी माहिती काढू, मग उत्तर देऊ."

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी निघालो. अलिबागहून एसटीने रेवदंडा, मग साळावचा पूल आणि काशीदचा किनारा मागे टाकत मुरूड. गाव जवळ आले की डोंगरावर नवाबांचा अहमदगंज राजवाडा दिसतो. ती खासगी मालमत्ता आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच पाहायचा. मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, तो पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी तो बांधला. एकाच किनाऱ्यावरून दोन्ही बाजू दिसतात, हे लेकीच्या लगेच लक्षात आले.

जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जातात. पावसाळ्यात होड्या बंद असतात. लांबून पाहिले तर दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, होडी अगदी जवळ गेल्यावर तो बुरुजांच्या आडून दिसू लागतो. दरवाजाजवळच्या भिंतीवर वाघासारखा एक प्राणी कोरलेला आहे. त्याच्या पंजांत, तोंडात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती पकडलेले आहेत. आत कलाल बांगडी ही प्रचंड तोफ आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत.

वाटाड्याने भराभर सांगितले, "बावीस एकर किल्ला, बावीस बुरूज, बांधायला बावीस वर्षं." ऐकायला छान वाटते आणि लक्षातही राहते. पण काही पुस्तकांत बुरूज एकोणीस दिले आहेत. लेक म्हणाली, "मग आपणच मोजू." आम्ही तटावरून मोजायला लागलो, पण पडझड आणि झुडपांमुळे हिशेब दोनदा चुकला. त्याचे मला वाईट वाटले नाही. सांगितलेले स्वतः मोजून पाहायचे असते, एवढे तिला कळले.

मग मूळ प्रश्नाकडे वळलो. किल्ला कुणाचा?

या बेटावर आधी कोळ्यांची वस्ती होती. त्यांनी लाकडी ओंडके रोवून मेढेकोट उभारला होता आणि त्यांचा प्रमुख राम पाटील, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बेट सिद्दींच्या हाती आले आणि पुढे दगडी कोट झाला. सिद्दी म्हणजे हबशाण, आजचा इथिओपिया, आणि पूर्व आफ्रिकेचा बाकीचा भाग इथून आलेले लोक. त्यांतले पुष्कळ जण गुलाम म्हणून विकले गेलेले, काही खलाशी, काही शिपाई. अहमदनगरचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर हाही असाच विकला गेलेला हबशी गुलाम होता. जंजिऱ्याची गादी बापाकडून मुलाकडेच जाईल असे पूर्वी नव्हते. सिद्दी सरदार आपल्यातून प्रमुख निवडत. त्याला वजीर म्हणत, नवाब हा किताब नंतरचा. सिद्दींच्या ताब्यातल्या मुलुखाला लोक हबसाण म्हणत. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला आणि मराठीत तो इतका रुळला की मराठ्यांच्या कागदांत पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हटलेले सापडते.

मी लेकीला विचारले, "आपण सिद्दी आहोत का?" ती विचारात पडली. आपण कोकणी मुसलमान. आपली नाळ अरबस्तानातून आलेल्या व्यापाऱ्यांशी आणि इथल्याच मातीशी सांगितली जाते. सिद्दींशी आपले नाते दीनचे आहे, पण त्यांचे राज्य म्हणजे आपल्या पूर्वजांचे राज्य नव्हे. आपले पूर्वज त्यांची रयत होते, जसे कुणबी, आगरी, कोळी आणि ब्राह्मण होते तसेच. रयतेत हिंदूच जास्त होते.

आणि दुसरी बाजू? शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे मुसलमान अधिकारी होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे श्रीवर्धनच्या देशमुखीचे, आणि श्रीवर्धन सिद्दीच्या मुलुखात. तेव्हा ही लढाई समुद्र, बंदरे आणि महसुलाची होती. एका धर्माची दुसऱ्याशी असती तर माणसे अशी वाटली गेली नसती. मात्र खरे सांगायचे तर सगळेच सांगावे. सिद्दींच्या फौजांनी किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली. ते केवळ नावाने आपल्यातले वाटतात म्हणून ते लपवण्याचे कारण नाही.

असरच्या सुमारास आम्ही खोकरीला गेलो. राजपुरीपासून जवळच तीन मकबरे आहेत. सहलीच्या बस तिथे क्वचित थांबतात. सर्वांत मोठा सिरुलखानाचा, त्याने तो हयातीतच बांधून घेतला असे सांगतात. बाकीचे दोन याकूतखान आणि खैरियतखान या भावांचे. काळ्या दगडातली जाळी आणि कमानी पाहत आम्ही बराच वेळ बसलो. या मकबऱ्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते आणि दर गुरुवारी इथे कुरआनपठण होत असे, अशी नोंद इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे.

याकूतखानाच्या मृत्यूचे साल कुठे १७०६ तर कुठे १७०७ असे वाचायला मिळते. लेकीने विचारले, "यातलं चूक कोणतं?" इथे हिजरी सन कामाला येते. १११८ हिजरी हे वर्ष १७०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि १७०७ च्या एप्रिलमध्ये संपले. महिना पाहिल्याशिवाय इसवी सन नक्की सांगता येत नाही. ढोबळ हिशेबासाठी हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावे. आपल्या गावच्या कब्रस्तानातल्या जुन्या दगडांवर हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्या.

घरी परतल्यावर पुस्तकांचा शोध सुरू झाला. सर्वांत उपयोगी ठरले ते 'कुलाबा आणि जंजिरा' हे मुंबई गॅझेटियरचे अकरावे खंड, १८८३ चे. गावे, पिके, बंदरे, जाती-जमाती, मशिदी, कर, सगळे त्यात आहे. लिहिणारा राज्यकर्ता इंग्रज आहे एवढे ध्यानात ठेवून वाचावे. संस्थान होते तरी केवढे? १९०१ च्या शिरगणतीत ३२४ चौरस मैल आणि ८५,४१४ माणसे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा त्याचा गाभा, शिवाय दूर काठेवाडात जाफराबाद. १९४८ मध्ये ते विलीन झाले आणि जुन्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात आले. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी डी. आर. बाणाजी यांचे १९३२ चे मुंबई आणि सिद्दींवरचे पुस्तक आणि शांती सादिक अली यांचे दख्खनमधल्या आफ्रिकी लोकांवरचे १९९५ चे पुस्तक मोठ्या ग्रंथालयात मागून पाहावे.

उर्दूतही खजिना आहे आणि तो बहुतेक बायकांनी लिहिलेला आहे. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान यांनी १९०८ च्या युरोप प्रवासाचे वर्णन 'सैर-ए-यूरोप' या नावाने लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेली होती. तिची तिथली रोजनिशी 'जमाना-ए-तहसील' १९२१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि अलीकडे तिचे इंग्रजी भाषांतरही झाले. मी स्वतः बी.एड. केले तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपल्या मुलींना सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट कोणती?

पण सर्वांत जवळचा दस्तऐवज घरातच होता, आणि तोच आम्ही घालवला. म्हसळ्याला नानीच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. "त्यात नवाबाच्या वेळचे कागद आहेत," असे नानी सांगायची. आम्ही कधी उघडली नाही. वाचता तर कुणालाच येत नव्हते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, कौले उडाली आणि पेटी चार दिवस पाण्यात राहिली. मामांनी उघडली तेव्हा आत लगदा होता. दोनच कागद वाचले.

मुरूडच्या वारीनंतर मी त्यांतला एक घेऊन मोडी जाणणाऱ्या एका वयस्क निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग लावले आणि बोट फिरवत वाचू लागले. नारळाच्या वाडीचा सारा भरल्याची ती साधी पावती होती, माझ्या नानीच्या आजोबांच्या नावाची. मजकूर मोडीत आणि भाषा मराठी. कोपऱ्यातल्या शिक्क्यापाशी गुरुजी थांबले. "हे मला येत नाही, बाई. हे तुम्ही वाचा." शिक्का फारसी लिपीतला होता. पुसट झाला होता, पण 'जझीरा' हा शब्द मला लागला.

एक हातभर कागद, आणि तो पुरा वाचायला आम्ही दोघे लागलो. मराठी लिहिणारा कारकून, फारसी शिक्का, हबशी नवाब आणि कोकणी मुसलमान वाडीवाला, चौघे त्या कागदावर एकत्र होते. एका लिपीत वाचणाऱ्याला अर्धाच इतिहास सापडतो. आपल्या घरांत मराठीही आहे आणि उर्दूही. त्यात मोडीची भर घातली तर हे काम आपल्याइतके सोयीचे कुणालाच नाही. मोडी काही अवघड नाही, सराव लागतो एवढेच. तिचे वर्ग पुण्या-मुंबईत आणि इतरत्रही होतात.

माझी वाचक भगिनींना विनंती आहे. माळ्यावरची पेटी या आठवड्यात उतरवा. कागद उन्हात टाकू नका, त्यांना टेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सुती कपड्यात किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. काझींच्या दफ्तरातल्या जुन्या निकाहाच्या नोंदी, मशिदीच्या हिशेबाच्या वह्या, तहसील कचेरीतले जुने उतारे यांचीही चौकशी करा. मोठे संशोधन करायचे असेल तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर आहे. आणि घरातली म्हातारी माणसे बोलू लागली की फोनवर आवाज टिपून ठेवा. पेटी भिजते, तशी माणसेही निघून जातात. माझी नानी गेली तेव्हा कितीतरी गोष्टी तिच्याबरोबर गेल्या. अल्लाह तिची मगफिरत करो.

लेकीने शाळेसाठी आठ पानांचा प्रकल्प केला. त्यावर त्या पावतीचा फोटो चिकटवला. होडीतल्या त्याच मैत्रिणीला तिने तो दाखवला. ती श्रीवर्धनकडची निघाली. म्हणाली, "आमच्याकडेही असले कागद आहेत, बाबा म्हणतात मोडीत आहेत." आता पुढच्या सुटीत दोघी मिळून गुरुजींकडे जायच्या आहेत.

किल्ला कुणाचा, याचे उत्तर प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर लेकीने स्वतःच लिहिले: आधी कोळ्यांचा, मग सिद्दींचा, आता सगळ्यांचा. मी त्यात एक अक्षरही बदलले नाही.